झोर्की-४ चा रेंजफाइंडर घरच्या घरी जुळवताना

आमच्या घरातला झोर्की-४ हा जुना रशियन फिल्म कॅमेरा भिलाईहून आलेला. आजोबा तिथल्या पोलाद कारखान्यात होते. १९५९ मध्ये पहिली झोतभट्टी पेटली त्या काळात रशियन इंजिनिअर मंडळी तिथे कुटुंबासकट राहायची, आणि मायदेशी परतताना त्यांतल्या एकाने हा कॅमेरा आजोबांना विकला. गोंदिया, आमगाव, सालेकसा या पट्ट्यातून भिलाईला कामाला गेलेली माणसं बरीच. त्यामुळे आमच्याकडे अजूनही एखाद्या घरातल्या लोखंडी पेटीच्या तळाशी कातडी खोळीतला रशियन कॅमेरा सापडतो. पोरं तो घेऊन येतात आणि विचारतात, "दादा, फोटो धुरकट येतात, याचं काय करायचं?" त्यांच्यासाठी आणि तुमच्यासाठी हे लिहितो आहे.

माझा पहिला रोल गेला तो मंडईत. मंडई म्हणजे आमच्याकडे दिवाळीनंतर भरणारी जत्रा. तिथली रात्रीची दंडार, म्हणजे नाचाचा लोकखेळ, दिव्यांचा उजेड कमी, म्हणून लेन्स एफ २ वर पूर्ण उघडी आणि अंतर दोन-अडीच मीटर. रोल धुवायला नागपूरला पाठवला. स्कॅन आले तेव्हा जवळपास प्रत्येक फोटोत नाचणाऱ्याचा चेहरा मऊ होता आणि त्याच्या खांद्यामागच्या ढोलकीवाल्याची बोटं कोरीव. मी रेंजफाइंडरचा, म्हणजे कॅमेऱ्यातल्या अंतर जुळवायच्या यंत्रणेचा, स्क्रू फिरवून ते "सुधारलं". पुढच्या रोलमध्ये फोटो चांगलेही आले. मग एका मित्राची इंडस्टार-५० लेन्स लावली आणि सगळा फोकस माणसाच्या पुढे पडायला लागला. मूळ दोष लेन्समध्ये होता आणि मी तो रेंजफाइंडरमध्ये लपवला होता. खालचा क्रम याच चुकीतून आला आहे: आधी लेन्स फिल्मशी जुळवायची, मग रेंजफाइंडर लेन्सशी. उलटं कधीच करू नका.

१. आधी यंत्र समजून घ्या

झोर्की-४ मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्यात १९५६ ते १९७३ या काळात बनला. 'झोर्की' म्हणजे तीक्ष्ण नजरेचा. याला बॅटरी लागत नाही, म्हणून खेड्यात हा कॅमेरा मला सगळ्यांत सोयीचा वाटतो.

समोरून पाहिलं तर वरच्या भागात एक मोठी चौकोनी खिडकी आणि एक लहान गोल खिडकी दिसते. दोन्हींतून येणारी चित्रं आतल्या आरशांनी एकावर एक पडतात. लेन्स फिरवली की तिची मागची कड एका दांडीला ढकलते, दांडी आतला भाग वळवते आणि डोळ्याला दिसणारी दोन चित्रं एकमेकांवर येतात. दोन खिडक्यांमधलं अंतर फक्त ३८ मिमी. एवढ्या छोट्या पायावर सगळं मोजमाप उभं आहे, म्हणून केसाएवढा फरकही फोटोत दिसतो.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. रेंजफाइंडर फिल्मवर काय पडतं ते पाहत नाही. तो फक्त लेन्स किती पुढे-मागे सरकली ते सांगतो. लेन्सच चुकीच्या जागी बसली असेल तर दोन चित्रं अगदी सुरेख जुळतील आणि फोटो तरी धुरकट येईल. माझ्या मंडईच्या रोलमध्ये नेमकं हेच झालं.

२. लागणारं सामान

यातलं बहुतेक तालुक्याच्या गावी मिळतं.

- घड्याळाच्या कामाचे बारीक पेचकस, साधारण १.२ ते २ मिमी पात्याचे. पातं खाचेत घट्ट बसलं पाहिजे. सैल बसलं तर खाच खाऊन जाते, आणि जुन्या स्क्रूची खाच एकदा गेली की तुम्ही अडकलात.
- घड्याळवाले डोळ्याला लावतात ते भिंग.
- फोटोफ्रेमच्या दुकानातून कापून घेतलेले काचेचे दोन तुकडे, ३२ मिमी रुंद आणि ६० मिमी लांब.
- ट्रॅक्टरच्या गॅरेजमधून चमचाभर व्हॉल्व ग्राइंडिंग पेस्ट, बारीक दाण्याची.
- त्याच गॅरेजमधून तासाभरासाठी फिलर गेज, म्हणजे जाडी मोजायच्या पातळ पात्यांचा जुडगा.
- सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा.
- मोजपट्टी, रेतीने अर्धी भरलेली कापडी पिशवी, काळी शाल.
- नेलपॉलिश, शेवटी स्क्रू पक्का करायला.
- एक पांढरी थाळी. उघडलेला प्रत्येक स्क्रू तिच्यात ठेवायचा. शेणाने सारवलेल्या जमिनीवर पडलेला स्क्रू मी दोन दिवस शोधला आहे.

केबल रिलीज, म्हणजे कॅमेऱ्याचं बटण दाबून धरायची तार, मिळाली तर उत्तम. नसेल तर बटण दाबून धरायला घरातलं कोणीतरी सोबत घ्या.

३. दुधी काच बनवा

फिल्मच्या जागी दुधी काच ठेवली की लेन्स खरोखर कुठे चित्र पाडते ते डोळ्यांनी दिसतं.

बरेच जण काचेवर मॅट सेलोटेप चिकटवतात. मी तसं करू नका म्हणतो, आणि त्याचं कारण आकड्यांत आहे. एफ २ वर फिल्मच्या पातळीत पुढे किंवा मागे चालण्याजोगी चूक साधारण ०.०६ मिमी एवढीच असते. टेपची जाडी जवळपास तेवढीच. म्हणजे काम सुरू होण्याआधीच सगळी सवलत टेपने खाल्ली.

त्यापेक्षा काच घासा. एका तुकड्यावर हरभऱ्याएवढी पेस्ट घ्या, दुसरा तुकडा वर ठेवा आणि हलक्या हाताने गोल गोल फिरवा. आवाज आधी करकर येतो, मग मऊ होतो. पंधरा-वीस मिनिटांत पृष्ठभाग सारखा दुधी होतो. कडा आधीच ओल्या पॉलिश पेपरने मोडून घ्या, नाहीतर बोटही कापेल आणि कॅमेऱ्याच्या आतल्या पट्ट्यांवर ओरखडेही पडतील. मग साबणाने तीन-चारदा धुवा. ही पेस्ट म्हणजे काच झिजवणारी कठीण पूड. तिचा एक कणसुद्धा कॅमेऱ्यात गेला तर शटरच्या पडद्याच्या यंत्रणेचं वाटोळं होईल. हे काम अंगणात करा, कॅमेरा घरात ठेवा.

४. लेन्स तपासा

दूरची खूण हवी. ३८ मिमीच्या पायाला अर्ध्या किलोमीटरच्या पलीकडचं सगळं सारखंच, म्हणून तेवढं तरी अंतर ठेवा. आमच्याकडे जमीन सपाट. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभं राहिलं की शेजारच्या गावची पाण्याची टाकी, मोबाइलचा टॉवर किंवा हाय टेन्शनचा मनोरा दिसतोच. मोबाइलच्या नकाशावर अंतर मोजून घ्या, डोळ्याचा अंदाज फसतो.

वेळ फार महत्त्वाची. मार्च ते जून दुपारच्या उन्हात हे काम करूच नका. तापलेल्या बांधीवरून, म्हणजे भाताच्या शेतावरून, हवा अशी थरथरते की टाकीची कड एका जागी राहतच नाही. थंडीत सकाळी बोडीवरून, म्हणजे लहान तळ्यावरून, धुकं उठतं. मला पावसाच्या उघडिपीतली सकाळ आणि हिवाळ्यातली चार-साडेचारची वेळ सगळ्यांत चांगली वाटते.

आता कॅमेऱ्यात फिल्म नाही याची खात्री करा. तळाच्या दोन किल्ल्या वळवा, मागचं झाकण खाली सरकून पूर्ण निघतं. चित्राच्या चौकटीच्या वर-खाली पट्ट्यांच्या जोड्या दिसतील. आतली जोडी म्हणजे फिल्म टेकते ती जागा. दुधी बाजू लेन्सकडे करून काच या आतल्या पट्ट्यांवर सपाट बसवा आणि दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावा. काच बाहेरच्या उंच पट्ट्यांवर चढली तर सगळी मापं चुकतील. म्हणूनच ती ३२ मिमी रुंद कापली.

फिल्म पुढे न्यायची गुंडी फिरवून पडदा चढवा, मग वेगाची चकती 'बी' वर न्या. 'बी' वर बटण दाबून धरलं तोवर पडदा उघडा राहतो. क्रम हाच ठेवा. झोर्की-४ मध्ये पडदा न चढवता वेग बदलला की आतली यंत्रणा बिघडू शकते. विकत घेतलेल्या कितीतरी कॅमेऱ्यांचा जीव या एका चुकीने जातो.

आणखी एक इशारा, आपल्या उन्हासाठी खास. याचा पडदा कापडी आहे. लेन्स सूर्याकडे रोखली गेली तर भिंगाने कागद जळतो तसं पडद्याला भोक पडतं. कॅमेरा उन्हात उताणा ठेवू नका, टोपण लावल्याशिवाय तर नाहीच.

लेन्स एफ २ वर, रिंग ∞ च्या (अनंत अंतराच्या) खुणेला टेकलेली. कॅमेरा रेतीच्या पिशवीवर ठेवा, बटण दाबून धरा, डोक्यावर शाल घ्या आणि भिंगातून काचेवरचं उलटं चित्र पाहा. टाकीच्या शिडीच्या पायऱ्या वेगवेगळ्या दिसतात का? रिंग किंचित पुढे-मागे करा. ∞ लाच सगळ्यांत स्वच्छ दिसत असेल तर लेन्स निर्दोष. पाचवी पायरी सोडून सरळ सहावीवर जा.

माझ्या झोर्कीच्या ज्युपिटर-८ लेन्समध्ये टाकी कोरीव दिसली ती रिंग २० मीटरच्या खुणेजवळ आणल्यावर.

५. लेन्सची चकती

ही पायरी सगळ्यांना लागणार नाही, पण लागली तर तिच्याशिवाय पुढचं सगळं वाया जातं.

ज्युपिटर-८ चा काचांचा भाग त्याच्या फिरत्या नळीतून अख्खा उघडून बाहेर येतो. त्या दोघांच्या मध्ये पितळेच्या कागदासारख्या पातळ चकत्या असतात. कारखान्यात प्रत्येक लेन्सला मोजून घातलेल्या. आमची लेन्स बुरशी काढायला शहरात दिली होती, तेव्हा एक चकती परत बसवलीच गेली नाही. त्यामुळे काचा फिल्मच्या जास्त जवळ आल्या. ५० मिमी लेन्सला ∞ पासून २० मीटरवर यायला सुमारे ०.१२ मिमी पुढे सरकावं लागतं. म्हणजे हरवलेली चकती साधारण तेवढ्याच जाडीची असणार.

मी कोल्ड्रिंकच्या अॅल्युमिनियमच्या डब्याचा पत्रा वापरला. फिलर गेजच्या पात्यांशी ताडून पाहिलं तर तो ०.१० मिमीच्या पात्याएवढा भरला. आधीच्या चकतीवर कागद ठेवून पेन्सिलने घासलं, नमुना उतरवला, तसं कडं कापलं आणि काचेवर दाबून त्याची धार सपाट केली. बसवल्यावर पुन्हा दुधी काचेवर पाहिलं. टाकी ∞ ला स्वच्छ.

तुमच्या लेन्समध्ये उलटं असेल, म्हणजे रिंग ∞ ला टेकूनही दूरचं धूसर आणि जवळचंच स्वच्छ, तर एखादी चकती जास्तीची आहे. ती काढून पाहा. आधीच्या चकत्या किती आणि कशा क्रमाने होत्या याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

काचांचा भाग हाताने सुटत नसेल तर तिथेच थांबा. पक्कड लावू नका.

६. वर-खाली जुळवणी

लेन्स खरी ठरली, आता रेंजफाइंडर. आधी उजव्या-डाव्याऐवजी वर-खालीच पाहायचं, कारण ती दुरुस्ती करताना आडवी जुळवणीही हलते.

डोळ्याच्या खिडकीला चष्म्याचा नंबर जुळवायची पट्टी रिवाइंडच्या गुंडीखाली असते. ती आधी फिरवून चित्र स्वच्छ करा. कित्येकांना कॅमेरा बिघडलाय असं वाटतं आणि खरं तर ही पट्टी सरकलेली असते.

आता दूरची आडवी रेघ शोधा: विजेची तार, कौलांची ओळ, तलावाची पाळ. डोळ्याच्या खिडकीत मधोमध एक फिकट डाग दिसतो, दुसरं चित्र तिथेच पडतं. त्या डागात ती तार वर-खाली दुहेरी दिसत असेल तर वर-खालीचा दोष आहे. समोरच्या लहान गोल खिडकीभोवतीचं कडं सायकलच्या ट्यूबने धरून फिरवा, ते आट्यांवर निघतं. आत आणखी एक कडं काचेसकट फिरतं. ती काच एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ आहे, म्हणून फिरवली की चित्र छोट्या गोलात सरकतं. केसाएवढं फिरवा, पाहा, पुन्हा फिरवा. तार एक झाली की थांबा.

७. ∞ ची जुळवणी

रिंग ∞ ला टेकलेली ठेवा. आता उभी खूण घ्या: टॉवर किंवा मनोरा. दोन्ही खिडक्यांच्या मध्ये समोरच एक बारीक स्क्रू दिसतो. तो झाकणाचा आहे, तो पूर्ण काढून थाळीत ठेवा. त्याच्या भोकात आत खरा स्क्रू आहे.

पेचकस घालून त्याला मिनिटकाट्याच्या एका-दोन मिनिटांएवढंच वळवा. चित्र कुठल्या बाजूला सरकलं ते पाहूनच पुढचं वळण. पाव फेरा फार मोठा होतो. डागातला टॉवर मूळ टॉवरवर येऊन बसला की पेचकस काढा, कॅमेरा हलका हलवा, पुन्हा पाहा. पेचकसाच्या दाबानेच कधीकधी जुळल्यासारखं दिसतं आणि तो काढला की सुटतं.

याची सगळ्यांत चांगली परीक्षा रात्री होते. पौर्णिमेच्या आसपास छपरीसमोर उभं राहा आणि चंद्र पाहा. चंद्र सुमारे ३,८४,००० किलोमीटरवर, त्याहून खात्रीची ∞ कुठून आणणार? जुळलेलं नसेल तर दोन चंद्र एकमेकांवर चढलेले दिसतात. आडवं आणि उभं दोन्ही एकाच नजरेत कळतं. चंद्र नसेल तर दूरच्या टॉवरचा लाल दिवा घ्या.

डाग फारच फिका असेल तर आतल्या आरशाचा मुलामा म्हातारा झाला आहे. मोठ्या खिडकीच्या बरोबर मध्यावर काळ्या टेपचा बारीक तुकडा लावून पाहा. डाग एकदम उठून दिसतो. आतला आरसा मात्र पुसू नका, तो मुलामा कापसाच्या बोळ्यानेही निघून येतो.

८. एक मीटरची जुळवणी

∞ जुळली म्हणजे जवळचंही जुळलं असं नाही. छपरीत खाटेच्या खुरावर वर्तमानपत्राचा तुकडा चिकटवा आणि दुधी काचेपासून मोजून एक मीटरवर ठेवा. अंतर लेन्सच्या तोंडापासून मोजू नका, फिल्मच्या पातळीपासून मोजा. काच लावलेलीच आहे, तिच्यापासूनच मोजपट्टी धरा. मग काचेवर अक्षरं कोरीव होतील अशी रिंग फिरवा आणि ती न हलवता रेंजफाइंडरमधून पाहा. अक्षरं एकावर एक असली पाहिजेत.

एफ २ वर एक मीटरला पुढे-मागे मिळून साधारण ५ सेंटिमीटर एवढीच जागा स्वच्छ येते. तुमची चूक एखाद्या सेंटिमीटरची असेल तर माझं ऐका आणि तसंच राहू द्या.

जास्त असेल तर लेन्स काढा. आत वरच्या बाजूला लेन्सला टेकणारी दांडी दिसेल, तिच्या टोकाला पाचरीसारखा तुकडा. तो बारीक स्क्रूने आवळलेला असतो. स्क्रू सैल करून पाचर किंचित वळवली की जवळची जुळवणी बदलते. पण तिने ∞ सुद्धा हलते. म्हणून पाचर वळवली की परत सातवी पायरी, मग परत एक मीटर, असं दोन-तीन वेळा. प्रत्येक फेरीत चूक अर्ध्याहून कमी व्हायला हवी. होत नसेल तर पाचर जास्त वळते आहे. या कामाला मला एक आख्खी दुपार लागली होती. घाई असेल त्या दिवशी हातच लावू नका. स्क्रू सहज सुटला नाही तर जोर करू नका.

सगळं जुळलं की पाचरीच्या स्क्रूवर नेलपॉलिशचा एक थेंब. झाकणाचा स्क्रू परत लावा, गोल खिडकीचं कडं परत बसवा आणि शेवटचं एकदा ∞ पाहा, कारण कडं आवळताना आतलं कडं सोबत फिरण्याची शक्यता असते.

९. परीक्षेचा रोल

पूर्ण रोल खर्चायची गरज नाही, सहा-सात फ्रेम पुरतात. अंगणात खाटेवर तिरकी रेघ धरून सात काडीपेट्या मांडा, प्रत्येकीमध्ये ५ सेंटिमीटर अंतर, आणि त्यांवर खडूने १ ते ७ आकडे लिहा. चौथीवर फोकस करून एफ २ वर एक मीटरवरून एक, दोन मीटरवरून एक. मग पाच मीटरवर माणूस आणि शेवटी पाण्याची टाकी. कॅमेरा रेतीच्या पिशवीवर आणि वेग १/१२५ किंवा त्याहून जास्त ठेवा, म्हणजे हाताची थरथर आणि फोकसची चूक यांत गोंधळ होणार नाही. कुठल्या फ्रेमला काय घेतलं ते वहीत लिहा. रोल धुवून येईपर्यंत आठवत नाही.

स्कॅनमध्ये चौथी पेटी स्वच्छ, तिसरी-पाचवी किंचित मऊ, तर काम झालं. पाचवी-सहावी स्वच्छ असेल तर फोकस मागे पडतो आहे, दुसरी-तिसरी असेल तर पुढे. सगळ्याच अंतरांवर एकाच बाजूला चूक दिसली तर सातवी पायरी परत करा. फक्त जवळच चुकत असेल तर आठवी.

दुसऱ्या कॅमेऱ्यांबद्दल थोडक्यात

फेड-२ चं काम जवळपास असंच चालतं. त्याच्या खिडक्यांमधलं अंतर ६७ मिमी आहे, म्हणून तो जास्त अचूक, आणि त्यासाठी खूण आणखी लांबची घ्या, एक किलोमीटरच्या आसपास. यशिका इलेक्ट्रो ३५ आणि कॅनोनेट यांची लेन्स न निघणारी, आणि रेंजफाइंडरपर्यंत पोचायला वरची टोपी उघडावी लागते. दुधी काचेची पायरी त्यांनाही तशीच लागू, फक्त जवळची परीक्षा ०.८ मीटरवर घ्या. टोपीखाली बारीक वायरी असतात. पहिलाच कॅमेरा असेल तर यांच्यापासून सुरुवात करू नका.

माझा परीक्षेचा रोल त्या वर्षी पुढच्या मंडईच्या चार दिवस आधी धुवून आला. चौथ्या काडीपेटीवरचा खडूचा आकडा, त्याच्या कडेची भुकटीसुद्धा वाचता येत होती. त्याच आठवड्यात मी दंडारवर दुसरा रोल लावला.